पस्तीस हजार टनांच्या आत

२५ नोव्हेंबर १९२४ रोजी अमेरिकेच्या नौदलाने व्हर्जिनियाच्या किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात आपलीच एक युद्धनौका बुडवली. तिचं नाव ‘वॉशिंग्टन’. तीन चतुर्थांश बांधून झालेली, पण एकदाही कामगिरीवर न गेलेली. बुडवण्याआधी काही दिवस तिच्यावर प्रयोग चालले. पाण्याखाली टॉर्पेडोचे स्फोट केले, शेजारी बॉम्ब फोडले. ती तगली. शेवटी ‘टेक्सास’ या दुसऱ्या युद्धनौकेने १४ इंची तोफांचे गोळे मारले, तेव्हा कुठे ती तळाला गेली. तहाच्या कलमाप्रमाणे तिची विल्हेवाट लावणं भागच होतं. मग निदान चिलखताच्या आणि टॉर्पेडोच्या अभ्यासाला तरी उपयोगी पडू दे, असा सरळ हिशोब होता.

हा तह ६ फेब्रुवारी १९२२ रोजी वॉशिंग्टन शहरात झाला. पहिलं महायुद्ध संपलं होतं, पण युद्धनौकांची शर्यत थांबलेली नव्हती. अमेरिकेने १९१६ मध्ये मंजूर केलेल्या प्रचंड नौकांचे सांगाडे गोद्यांमध्ये उभे होते. जपानला आठ युद्धनौका आणि आठ बॅटलक्रूझर हव्या होत्या आणि त्यापायी सरकारी तिजोरीला भोक पडत चाललं होतं. ब्रिटन कर्जात बुडालेला, तरी समुद्रावरचा मान सोडायला तयार नाही. १२ नोव्हेंबर १९२१ रोजी परिषदेच्या पहिल्याच दिवशी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज उठले. स्वागतपर गोड बोलण्याची वेळ होती. ह्यूज यांनी मात्र कुठल्या देशाने कुठली जहाजं मोडीत काढावीत, याची नावानिशी यादीच वाचली. समोर बसलेल्या ब्रिटिश आणि जपानी दर्यासारंगांचे चेहरे कसे झाले असतील याची कल्पना करावी.

घासाघीस होऊन प्रमाण ठरलं ते ५:५:३ असं. ब्रिटन आणि अमेरिकेला प्रत्येकी ५,२५,००० टन, जपानला ३,१५,०००, फ्रान्स आणि इटलीला १,७५,००० टनांच्या युद्धनौका. जपानला खरं तर अमेरिकेच्या ७० टक्के हव्या होत्या. पण हर्बर्ट यार्डली याच्या हाताखालच्या अमेरिकी गुप्तलिपी कार्यालयाने टोकियोहून येणाऱ्या तारा फोडल्या होत्या. अगदीच ताणलं तर जपानी शिष्टमंडळ ६० टक्क्यांवर येईल, हे अमेरिकेला आधीच ठाऊक होतं. पत्ते दिसत असताना बोली लावणं सोपं असतं. शिवाय दहा वर्षं नवी युद्धनौका बांधायची नाही असं ठरलं. १९३० च्या लंडन तहाने ही बंदी १९३६ च्या अखेरीपर्यंत लांबवली.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचं कलम वेगळंच आहे. यापुढे कुठलीही युद्धनौका ३५,००० टनांपेक्षा जड असू नये आणि तिच्या तोफेचं तोंड १६ इंचांपेक्षा मोठं असू नये. आता हे वजन मोजायचं कसं? प्रत्येक नौदलाची पद्धत निराळी. म्हणून तहाने ‘प्रमाण वजन’ अशी नवी व्याख्या केली. जहाज लढाईला पूर्ण सज्ज, खलाशी, दारूगोळा, अन्न, पिण्याचं पाणी सगळं धरून. पण इंधन आणि बॉयलरचं राखीव पाणी वगळून. विमानतळावर बॅगेचं वजन होतं, अंगातल्या कोटाच्या खिशात कोंबलेलं धरत नाहीत, तसा हा प्रकार. ज्यांना लांब पल्ल्याचे समुद्र ओलांडायचे होते त्यांना ही सूट फार सोयीची होती.

पुढे १९३० च्या दशकात जन्मलेली प्रत्येक ‘तहातली’ युद्धनौका या एका आकड्याच्या दावणीला बांधलेली होती. गोदीत वजनाचा जमाखर्च सांभाळणारे कारकून हे तेव्हा नौदलातले कदाचित सर्वांत ताकदवान लोक असावेत, असं मला नेहमी वाटतं.

युद्धनौकेच्या पोटात तीन गोष्टी एकमेकींशी भांडत असतात: तोफा, चिलखत आणि वेग. वजनाला बंधन नसेल तर तिघींचीही समजूत घालता येते. जहाज मोठं करायचं की झालं. ३५,००० टनांत तसं करता येत नाही. त्यातही सर्वांत खर्चिक बाब वेगाची. पाण्यातून जहाज ढकलायला लागणारी शक्ती वेगाच्या प्रमाणात वाढत नाही. ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि वरच्या टोकाला त्याहूनही जास्त. १९२० च्या सुमाराच्या ‘कोलोराडो’ जातीच्या अमेरिकी युद्धनौकांना २१ नॉट वेगासाठी सुमारे २९ हजार अश्वशक्ती पुरत होती. पुढे तहाच्या मर्यादेत बांधलेल्या ‘नॉर्थ कॅरोलायना’ला २८ नॉट गाठायला १,२१,००० अश्वशक्ती लागली. वेग तिसऱ्या हिश्श्याने वाढला, यंत्रं चौपट. बरं, वेगासाठी जहाज लांब आणि निमुळतं हवं. लांब जहाज म्हणजे चिलखतही लांब. रुंदी वाढवून भरपाई करावी म्हटलं तर पनामा कालव्याच्या दरवाजांची रुंदी तेव्हा ११० फूट. अमेरिकी नौका त्यापेक्षा रुंद करता येत नव्हती. सगळीकडून कोंडी.

मग वेग हवाच कशाला? कारण जुन्या युद्धनौकांचा २१ नॉट हा वेग आता कुणालाच गाठू शकत नव्हता. विमानवाहू नौका ३० नॉटच्या पुढे धावत होत्या. जपानने आपल्या जुन्या ‘काँगो’ जातीच्या बॅटलक्रूझरांची फेरबांधणी चालवली होती. मंद युद्धनौकांची रांग घेऊन पॅसिफिकमध्ये जायचं तर शत्रूच्या मर्जीप्रमाणे लढावं लागेल, हे उघड दिसत होतं. अमेरिकी नौदलाच्या जनरल बोर्डात यावरून बरीच हमरीतुमरी झाली. एका गटाला ३० नॉटची, थोड्या कमी तोफांची नौका हवी होती. दुसऱ्याला तोफा आणि चिलखत जास्त, वेग २७ नॉट. दुसरा गट जिंकला.

वजन वाचवण्यासाठी अभियंत्यांनी जे केलं ते मला या सगळ्या कथेतलं सर्वांत देखणं काम वाटतं. वाफेचा दाब आणि तापमान वाढवलं, म्हणजे कमी वजनाच्या यंत्रातून जास्त शक्ती. पुष्कळ ठिकाणी रिव्हेट काढून वेल्डिंग आणलं. यंत्रांची चार दालनं केली आणि प्रत्येकात दोन बॉयलर आणि एक टर्बाइन शेजारी शेजारी बसवलं, म्हणजे एखाद्या दालनात पाणी शिरलं तरी बाकीची तीन स्वतंत्रपणे चालत राहतील. बाजूचा १२ इंची चिलखती पट्टा सरळ उभा न ठेवता १५ अंशांत तिरका केला. तिरक्या पत्र्यावर गोळा आदळला की त्याला जास्त जाड पोलाद कापावं लागतं. वजन न वाढवता जाडी वाढवण्याची ही युक्ती. आणि चिलखत सगळीकडे नाहीच. दारूगोळा, यंत्रं, सुकाणू एवढ्यांभोवती पोलादी पेटी. बाकीचं जहाज जवळजवळ उघडं. मधल्या जाडीचं अर्धवट चिलखत म्हणजे गोळ्याला फुटायचं निमित्त, असं त्यांचं म्हणणं.

या पेटीची जाडी ठरवण्यासाठी एक सुरेख संकल्पना वापरत, ‘सुरक्षित पट्टा’. शत्रू जवळ असेल तर त्याचा गोळा जवळजवळ आडवा येतो आणि बाजूचं चिलखत फोडतो. शत्रू फार दूर असेल तर गोळा आकाशातून कोसळत येतो आणि डेक फोडतो. या दोहोंच्या मधे काही किलोमीटरांचा असा पट्टा असतो की तिथून आलेला गोळा बाजूही फोडू शकत नाही आणि डेकही. ‘नॉर्थ कॅरोलायना’साठी १४ इंची गोळ्यांविरुद्ध हा पट्टा साधारण १७ ते २७ किलोमीटर असावा, अशी मागणी होती. कप्तानाने शत्रूला त्या अंतरावर ठेवायचं आणि निवांत मारा करायचा. कागदावर फार छान दिसतं. कागद लक्षात ठेवा.

१४ इंची का, १६ इंची का नाही? कारण मार्च १९३६ मध्ये दुसरा लंडन तह झाला आणि त्याने तोफेची मर्यादा १४ इंचांवर आणली. जपान त्याआधीच, जानेवारीत, परिषदेतून उठून गेला होता. तहात एक पळवाट ठेवलेली होती: एप्रिल १९३७ पर्यंत जपान किंवा इटलीने सही केली नाही, तर पुन्हा १६ इंच. अमेरिकी अभियंत्यांना बहुधा माणसाच्या स्वभावाची जाण असावी. त्यांनी चार-चार नळ्यांचे १४ इंची बुरूज आणि तीन-तीन नळ्यांचे १६ इंची बुरूज एकाच आकाराच्या खोबणीत बसतील अशी तजवीज करून ठेवली. जपानने सही केली नाही. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी काही काळ चालढकल केली आणि १९३७ च्या उन्हाळ्यात १६ इंची तोफांना होकार दिला. बारा १४ इंची तोफांच्या जागी नऊ १६ इंची आल्या. पण चिलखत बदलायला आता सवड नव्हती. त्यामुळे ‘नॉर्थ कॅरोलायना’ आणि तिची बहीण नवी ‘वॉशिंग्टन’ या दोन्ही नौका स्वतःच्याच तोफांच्या माऱ्यापुढे नीट टिकणार नव्हत्या. पुढच्या ‘साउथ डकोटा’ जातीच्या चार नौकांत ही उणीव भरून काढली, ती जहाज जवळपास ५० फुटांनी आखूड करून. चिलखताचा पट्टा छोटा झाला म्हणून जाड करता आला. खलाशांनी मात्र दाटीवाटीत दिवस काढले.

ब्रिटिशांची घाई याहून मोठी होती. बांधणीबंदी ३१ डिसेंबर १९३६ ला संपली आणि १ जानेवारी १९३७ ला, नववर्षाच्या पहिल्याच दिवशी, ‘किंग जॉर्ज द फिफ्थ’ आणि ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ या दोन नौकांचे कणे दोन वेगळ्या गोद्यांत बसवले गेले. त्यांना सही होते की नाही याची वाट पाहणं परवडणारं नव्हतं. तोफा आधीच मागवाव्या लागत. म्हणून त्यांच्या वाट्याला १४ इंचच आला. आधी बारा तोफा ठरल्या होत्या. चिलखत वाढवायचं ठरल्यावर वजन उरलं नाही, म्हणून एका बुरुजातल्या दोन नळ्या काढल्या. दोन बुरूज चार-चार नळ्यांचे आणि एक दोन नळ्यांचा, अशी विचित्र मांडणी त्यातून आली. शिवाय पुढचा बुरूज नाकासमोर अगदी आडवा मारा करू शकला पाहिजे, अशी अट होती. त्यापायी जहाजाचं नाक बुटकं ठेवलं आणि उत्तर अटलांटिकच्या लाटा सरळ डेकवर चढू लागल्या. कुणीतरी टेबलावर बसून घातलेली एक अट आणि पुढे हजारो खलाशी वर्षानुवर्षं ओले.

इतरांचं थोडक्यात. इटलीने ‘लित्तोरिओ’ ३५,००० टनांची असल्याचं जाहीर केलं; ती ४० हजारांच्या पुढे होती. जर्मनीने १९३५ मध्ये ब्रिटनशी वेगळा करार करून हीच मर्यादा मान्य केली आणि ‘बिस्मार्क’ बांधली सुमारे ४१,७०० टनांची. फ्रेंच ‘रिशल्यू’ बरीचशी प्रामाणिक आणि माझ्या मते त्या पिढीतली सर्वांत कल्पक: आठही तोफा पुढच्या दोन बुरुजांत, त्यामुळे चिलखताची लांबी वाचली, आणि वेग ३० नॉटच्या वर. जपानने तहाला रामराम ठोकून ‘यामातो’ बांधली, ६४,००० टन, १८.१ इंची तोफा. ब्रिटिश आणि अमेरिकी नौका हजार-दोन हजार टनांनी चुकल्या. एवढ्याला चोरी म्हणणं जिवावर येतं.

या सगळ्यांनी युद्धात केलं काय? इथे एक गंमत आहे. तहाने टन मोजले, इंच मोजले. लढाया ठरल्या त्या तहात कुठेही न मोजलेल्या गोष्टींवर.

‘प्रिन्स ऑफ वेल्स’चं पाहा. २४ मे १९४१ ला डेन्मार्क सामुद्रधुनीत ती ‘हूड’ या बॅटलक्रूझरच्या सोबतीने ‘बिस्मार्क’समोर गेली तेव्हा तिला सेवेत येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. बुरुजांची यंत्रं अजून नीट बसलेली नव्हती, म्हणून कारखान्याचे कामगार जहाजावरच होते आणि लढाई चालू असताना दुरुस्ती करत होते. चार नळ्यांच्या बुरुजात अपघात टळावेत म्हणून इतके यांत्रिक अडसर बसवले होते की एक अडकला की पुढचं सगळं अडकायचं. ‘हूड’चा काही मिनिटांत स्फोट झाला, तिच्यावरच्या १,४१८ जणांपैकी तिघे वाचले. ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ने धुराच्या आडून माघार घेतली. पण तोवर अडखळत का होईना तिने तीन गोळे लागू केले होते आणि त्यांतल्या एकाने ‘बिस्मार्क’च्या नाकाजवळच्या टाक्यांतलं तेल नासवलं. जर्मन दर्यासारंगाला अटलांटिकची मोहीम सोडून फ्रान्सची वाट धरावी लागली आणि तीन दिवसांनी, २७ मे रोजी, ब्रिटिशांनी त्याला गाठलं. तहाने इंधन मोजलं नव्हतं. ‘बिस्मार्क’ला तेच कमी पडलं.

ऑगस्टमध्ये हीच नौका चर्चिल यांना रूझवेल्टच्या भेटीला न्यूफाउंडलंडच्या प्लासेंशिया उपसागरात घेऊन गेली. अटलांटिक सनदेच्या वेळच्या प्रार्थनेची छायाचित्रं तिच्याच डेकवरची. १० डिसेंबर १९४१ ला ती मलायाच्या किनाऱ्याजवळ ‘रिपल्स’ या बॅटलक्रूझरसह तळाला गेली. तिचं मरण तपशिलात पाहण्यासारखं आहे. इंडोचीनमधल्या तळांवरून आलेल्या जपानी विमानांचा एक टॉर्पेडो डाव्या बाजूच्या बाहेरच्या पंख्याच्या दांड्याजवळ फुटला. दांडा वाकला, पण फिरत राहिला. वाकडा दांडा पूर्ण शक्तीने फिरताना वाटेतले पाणीबंद पडदे फाडत गेला आणि समुद्र थेट यंत्रांच्या दालनांपर्यंत पोहोचला. निम्म्याहून अधिक जनरेटर बंद. वीज गेली तशी पाणी उपसणारे पंप थांबले, सुकाणू थांबलं, आणि विमानविरोधी तोफांचे बुरूज फिरेनासे झाले. पंधरा इंचांच्या आसपास जाडीचं चिलखत शाबूत होतं. त्याला कुणी हातही लावला नव्हता. दोन्ही नौकांवर मिळून ८४० माणसं गेली. खुल्या समुद्रात, चालत्या आणि लढत्या मोठ्या युद्धनौका केवळ विमानांनी बुडवल्याचं हे पहिलं उदाहरण.

आता ‘वॉशिंग्टन’कडे येऊ, म्हणजे दुसऱ्या ‘वॉशिंग्टन’कडे. १५ मे १९४१ ला ती सेवेत आली. तिची बहीण ‘नॉर्थ कॅरोलायना’ चाचण्यांत इतकी थरथरायची की पंखे बदलून बदलून पाहावे लागले. न्यूयॉर्कच्या बंदरात तिची ये-जा इतकी वाढली की लोकांनी तिला ‘शोबोट’ म्हणायला सुरुवात केली. ‘वॉशिंग्टन’ १९४२ च्या वसंतात ब्रिटिशांच्या मदतीला उत्तर अटलांटिकमध्ये होती. १ मे रोजी दाट धुक्यात ‘किंग जॉर्ज द फिफ्थ’ने आपल्याच ताफ्यातल्या ‘पंजाबी’ नावाच्या विनाशिकेचे दोन तुकडे केले. मागून येणाऱ्या ‘वॉशिंग्टन’ला वळायला जागा नव्हती, ती त्या दोन तुकड्यांच्या मधून गेली आणि बुडणाऱ्या विनाशिकेवरची पाणबुडीविरोधी स्फोटकं तिच्या खालीच फुटली. थोडक्यात निभावलं.

नोव्हेंबर १९४२ मध्ये ती सॉलोमन बेटांजवळ होती. ग्वाडलकॅनाल बेटावरच्या हेंडरसन धावपट्टीसाठी तीन महिने रक्तरंजित झटापट चालली होती. दिवसा आकाश अमेरिकेचं, रात्री समुद्र जपानचा. १३ नोव्हेंबरच्या पहाटे एका गोंधळाच्या लढाईत दोन अमेरिकी रिअर अ‍ॅडमिरल मारले गेले होते. जपानने ‘हिएई’ ही युद्धनौका गमावली होती. जपानी पुन्हा येणार, हे स्पष्ट होतं. अडवायला क्रूझर उरल्या नव्हत्या. अ‍ॅडमिरल हॅल्सी यांनी विमानवाहू ‘एंटरप्राइझ’च्या संरक्षणाला ठेवलेल्या दोन युद्धनौका, ‘वॉशिंग्टन’ आणि ‘साउथ डकोटा’, अरुंद सामुद्रधुनीत पाठवल्या. सोबत चार विनाशिका. त्या चौघी यापूर्वी एकत्र कधी वावरलेल्या नव्हत्या. त्यांची निवड झाली कारण त्यांच्या टाक्यांत सर्वांत जास्त तेल होतं.

या तुकडीचा प्रमुख होता रिअर अ‍ॅडमिरल विलिस ली. केंटकीचा, जाड चष्मा लावणारा, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये नेमबाजीची पाच सुवर्णपदकं मिळवलेला. त्याला रडारचा नाद होता. इतर अधिकारी रडारच्या पडद्याकडे संशयाने पाहत, तेव्हा लीने ते यंत्र आतून-बाहेरून समजून घेतलं होतं. त्याच्या हाताखालच्या माणसांनी रात्रीच्या नेमबाजीचा, रडारवरून येणारं अंतर थेट तोफांच्या गणकयंत्राला देण्याचा, कसून सराव केला होता.

१४ नोव्हेंबरच्या रात्री अकराच्या पुढे लढाई पेटली. सुरुवात वाईटच झाली. ‘वॉक’ आणि ‘प्रेस्टन’ या दोन विनाशिका बुडाल्या, उरलेल्या दोन निकामी झाल्या. त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणजे ‘साउथ डकोटा’ची वीज गेली. सर्किट ब्रेकरच्या गडबडीने रडार बंद, रेडिओ बंद, बुरूज बंद. जळणाऱ्या विनाशिका टाळताना ती ज्वाळांच्या पुढून गेली आणि जपान्यांना तिची काळी आकृती स्वच्छ दिसली. ‘वॉशिंग्टन’ त्याच ज्वाळांच्या मागून गेली आणि अंधारात राहिली. जपानी सर्चलाइट ‘साउथ डकोटा’वर खिळले, क्रूझर ‘अतागो’, ‘ताकाओ’ आणि युद्धनौका ‘किरिशिमा’ तिच्यावर तुटून पडल्या. तिला पंचवीसहून अधिक गोळे लागले. चिलखती पेटी सुरक्षित राहिली, पण पेटीबाहेरचं सगळं, रडार, तारा, माणसं, याची चाळण झाली.

लीला काही वेळापासून पडद्यावर एक मोठा ठिपका दिसत होता. पण तो तोफा चालवेना. कारण ‘वॉशिंग्टन’च्या रडारला मागच्या बाजूला आंधळा कोन होता आणि ‘साउथ डकोटा’ नेमकी कुठे आहे हे त्याला कळत नव्हतं. तो ठिपका आपलाच असला तर? जपान्यांनी दिवे लावले आणि शंका फिटली. मध्यरात्री सुमारे ८,४०० यार्डांवरून, म्हणजे पावणेआठ किलोमीटरांवरून, ‘वॉशिंग्टन’ने ‘किरिशिमा’वर मारा सुरू केला. पहिल्या काही सलामींतच गोळे बसले. साधारण सात मिनिटांत तिने ७५ मोठे गोळे सोडले. प्रत्येक गोळ्याचं वजन सव्वाबाराशे किलो. त्यांतले निदान नऊ लागले असं जुने हिशोब सांगतात, नव्या अभ्यासात आकडा वीसच्या आसपास जातो. ‘किरिशिमा’चं सुकाणू अडकलं, ती गोल गोल फिरू लागली आणि पहाटे साडेतीनच्या सुमारास उलटली. ‘वॉशिंग्टन’वरचा एकही माणूस दगावला नाही. जपानी ताफा मागे वळला. हेंडरसन धावपट्टीवर त्या रात्री गोळे पडले नाहीत, आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये जपानने बेट सोडलं.

तो सुरक्षित पट्टा आठवतो? १७ ते २७ किलोमीटर. ही लढाई झाली आठ किलोमीटरांच्या आत. इतक्या जवळून दोघींपैकी कुणाचंही चिलखत दुसरीच्या तोफांना पुरं पडलं नसतं. चिलखताच्या तक्त्यांवर अभियंत्यांनी घालवलेली वर्षं त्या रात्री बाजूला पडली आणि कुणाला आधी दिसलं एवढाच प्रश्न उरला. ‘किरिशिमा’ ही १९१५ ची, बाजूचं चिलखत जेमतेम आठ इंच, त्यामुळे जोड विषमच होती हेही खरं. पण दिवस असता तर ‘वॉशिंग्टन’ला इतकं स्वस्तात सुटता आलं नसतं. लीने स्वतःच्या अहवालात श्रेय जवळजवळ सगळं रडारला दिलं. खलाशांच्या शौर्याच्या चार ओळी लिहिणं त्याला सोपं होतं.

युरोपात याचीच आवृत्ती २६ डिसेंबर १९४३ ला नॉर्वेच्या उत्तरेला घडली. ध्रुवीय अंधारात अ‍ॅडमिरल फ्रेझर यांच्या ‘ड्यूक ऑफ यॉर्क’ने रडारच्या भरवशावर ‘शार्नहॉर्स्ट’ला गाठलं. तिच्यावरच्या १,९६८ जणांपैकी ३६ वाचले.

पण अशा समोरासमोरच्या लढाया मोजक्या. पॅसिफिकमध्ये युद्धनौका विरुद्ध युद्धनौका असा सामना दोनदाच झाला. वेगवान युद्धनौकांचं रोजचं काम निराळं होतं: विमानवाहू नौकांच्या शेजारी धावायचं आणि आकाशात पोलाद उधळायचं. २४ ऑगस्ट १९४२ ला ‘नॉर्थ कॅरोलायना’च्या तोफांतून इतका जाळ आणि धूर निघाला की ‘एंटरप्राइझ’वरून तिला आग लागली आहे का, अशी विचारणा झाली. तीन आठवड्यांनी आय-१९ या जपानी पाणबुडीने सोडलेल्या टॉर्पेडोंच्या एकाच फैरीने विमानवाहू ‘वास्प’ संपवली आणि काही मैलांवरच्या ‘नॉर्थ कॅरोलायना’लाही भोक पाडलं. पाच जण गेले, पण ती काही मिनिटांत सरळ झाली आणि ताफ्याबरोबर पळत राहिली. १९२४ मध्ये बुडवलेल्या नौकेवरचे ते प्रयोग अगदीच वाया गेले नव्हते.

कागदावरच्या मर्यादेचं काय झालं? युद्ध सुरू झाल्यावर ती कुणाच्या ध्यानीमनीही उरली नाही. १९४५ पर्यंत ‘नॉर्थ कॅरोलायना’वर ४० मिलिमीटर बोफोर्सच्या ६० नळ्या चढल्या. बोफोर्स हे नाव आपल्याकडे वेगळ्या कारणाने घरोघरी पोहोचलं. कारखाना तोच स्वीडनचा, तोफ मात्र अर्धशतक आधीची. प्रत्येक तोफेमागे माणसं आली, माणसांमागे खाटा आणि जेवण, आणि जहाज दर वर्षी पाण्यात थोडं खोल बसू लागलं. १९४३ पासून ५ इंची गोळ्यांना विमानाच्या जवळ जाताच आपोआप फुटणारा रेडिओ फ्यूज मिळाला. विमानवाहू ताफ्याला युद्धनौका हवीहवीशी वाटू लागली ती या छत्रीसाठी. मोठ्या तोफा बहुतेक वेळ गप्प.

त्या गप्प राहण्याचा सर्वांत चटका लावणारा दिवस म्हणजे २५ ऑक्टोबर १९४४. लेटेच्या लढाईत लीच्या हाताखाली सहा वेगवान युद्धनौका होत्या. हॅल्सी जपानी विमानवाहूंच्या आमिषाला भुलून उत्तरेला धावले आणि लीची रांग सोबत घेऊन गेले. सान बर्नार्डिनोची सामुद्रधुनी उघडी पडेल, अशी शंका लीने कळवली होती. कुणी दाद दिली नाही. त्या उघड्या वाटेने ‘यामातो’सकट जपानी अ‍ॅडमिरल कुरिता याचा ताफा आला आणि छोट्या अमेरिकी जहाजांवर तुटून पडला. मदतीच्या हाका ऐकून लीला माघारी वळवलं तेव्हा उत्तरेकडचा शत्रू चाळीसेक मैलांवर राहिला होता. तो सुटला, आणि दक्षिणेला पोहोचेपर्यंत कुरिताही निघून गेला. त्याच दिवशी पहाटे सुरिगाव सामुद्रधुनीत जपानी युद्धनौकेला टिपलं ते सहा म्हाताऱ्या, २१ नॉटच्या अमेरिकी नौकांच्या रांगेने. त्यांतल्या पाच पर्ल हार्बरमध्ये मार खाऊन दुरुस्त झालेल्या. ज्या वेगासाठी चौपट यंत्रं भरली, तो वेग त्या दिवशी तीनशे मैल वर आणि तीनशे मैल खाली पळण्यात खर्ची पडला.

शेवटी त्यांच्या वाट्याला तोफखान्याचं काम आलं. १४ जुलै १९४५ ला ‘साउथ डकोटा’, ‘इंडियाना’ आणि ‘मॅसॅच्युसेट्स’ यांनी जपानच्या मुख्य भूमीवरच्या कामाइशीच्या पोलाद कारखान्यावर सुमारे दोन तास गोळे टाकले. कारखाना बंद पडला. गावातली शेकडो माणसं मेली. ली तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आत्मघाती विमानांविरुद्धच्या उपायांवर काम करत होता. २५ ऑगस्टला, युद्ध थांबल्यावर दहा दिवसांनी, होडीतून आपल्या जहाजाकडे जाताना हृदयविकाराने गेला.

‘वॉशिंग्टन’ १९६१ मध्ये भंगारात गेली. ‘मॅसॅच्युसेट्स’, ‘अलाबामा’ आणि ‘नॉर्थ कॅरोलायना’ संग्रहालयं म्हणून उरल्या. शेवटच्या नौकेसाठी त्या राज्यातल्या शाळकरी मुलांनीही पैसे जमवले. विल्मिंग्टनला ती पाहायला गेलात तर वरच्या बुरुजांसमोर फोटो काढून परत फिरू नका. खाली उतरून तोफांचं गणित करणारी खोली पाहा: दातेरी चक्रांनी भरलेलं, कपाटाएवढं यांत्रिक गणकयंत्र, आणि रडारवरून आलेलं अंतर त्यात भरण्यासाठीची हाताने फिरवायची मूठ.